सुंगटची बेगमी

मामा कुत्रीशी बोलतो, ही बातमी मला पहिल्यांदा सुगंधाने दिली. सुगंधा आमच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि साखर महागल्याचं सांगतानाही आधी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणायची.

"अगं अनू, तुझा मामा मार्व्याला समुद्रकाठी खडकावर बसून बोलत होता. एकटाच. म्हणजे समोर कुत्री होती ना, तिच्याशी. चांगला हातवारे करून."

"भास झाला असेल तुला," मी म्हटलं. मी तशी फटकळच आहे. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला, कारण आमच्या घरात दत्ताराममामाचा आवाज ऐकून आम्हाला दोन वर्षं होऊन गेली होती.

मामा मुका नव्हता. उभी हयात त्याने गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढली, आणि गिरणीतल्या माणसाचा आवाज केवढा असतो ते त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारा. यंत्रांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलं कळत नाही, म्हणून ही माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, आणि घरी आली तरी ओरडतच राहतात. मामा "मीठ दे" म्हणाला की पलीकडच्या चाळीतून कुणीतरी मीठ घेऊन येईल अशी आम्हाला भीती असायची. मग संप झाला. पहिलं वर्ष मामा सभांना गेला, मोर्च्यांना गेला, घसा बसेपर्यंत बोलला. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही, गिरणीचं दार मात्र बंद राहिलं. मामाचं बोलणं नळाच्या पाण्यासारखं हळूहळू बारीक होत गेलं आणि एक दिवस बंद झालं. जेवताना पुरे म्हणायचं तर ताटावर हात आडवा धरायचा. बाकी वेळ दारातल्या पायरीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचा.

मालनमामी बालवाडीत शिकवायची. दिवसभर पोरं तिचे कान खायची आणि संध्याकाळी घरी आली की तिला बोलायला माणूस नसायचं. मी होते, पण मी भाची. अंधेरीला टेलिफोनवर दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायचं माझं काम, त्यामुळे घरी आल्यावर मलाही फारसा हुरूप नसायचा. मामी एकटीच बोलायची. "आज भेंडी बरी गावली," म्हणायची, आणि थोडं थांबायची. उत्तराला जेवढी जागा लागते तेवढी ठेवायची आणि मग पुढचं वाक्य बोलायची. ती जागा ठेवायला ती दोन वर्षांत एकदाही चुकली नाही.

मामाला त्या पायरीवरून उठवलं ते भाऊने. भाऊ मढचा कोळी, मामाचा जुना ओळखीचा. मार्व्याला एका पारशी म्हातारीची नारळाची वाडी होती. झाडं रोडावली होती, नारळ सुपारीएवढे होऊन गळायचे. भाऊने मामाला हाताला धरून तिथे नेलं आणि म्हातारीसमोर उभं केलं. "देवगडचा मानूस हाय बाय, याला माडाचं कलतं," एवढं म्हणाला. मामा काहीच म्हणाला नाही. म्हातारीला न बोलणारा माळी फार आवडला.

त्याच सुमाराला ही कुत्री मामाच्या मागे लागली. आमच्या खारोडीच्या नाक्यावरची तांबूस, मरतुकडी, झोपताना अशी मुरडून झोपायची की मामीने तिचं नाव सुंगट ठेवलं. आमच्याकडे कोळंबीला सुंगट म्हणतात. मामा सकाळी वाडीवर निघाला की ती त्याच्या पुढे धावायची, आणि वळणावर थांबून तो येतोय ना ते बघायची.

थंडी पडली की मार्व्याच्या पुढे एरंगळकडे जे खडक आहेत त्यांना शेवाळ धरतं. काही हिरवंगार, पालकाच्या पानासारखं पातळ, ओहोटीच्या उन्हात पलीकडचं दिसेल इतकं. काही तपकिरी, त्याला बारीक बारीक फुगे. मामाच्या गावी हे शेवाळ माडांच्या मुळाशी घालतात. मामा टोपली भरभरून ते वाडीत नेऊ लागला. आणि टोपली भरता भरता त्याचं बोलणं सुरू झालं असावं.

सुगंधावर विश्वास नाही म्हणून एका रविवारी मी स्वतः गेले. समुद्र पार आत गेला होता. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, सगळं एकाच फिकट रंगाचं, आणि त्यात दूर एक वाकलेला माणूस आणि एक तांबूस ठिपका. वारा माझ्याकडून तिकडे वाहत होता, त्यामुळे शब्द ऐकू येईनात. मामाचे ओठ हलताना दिसत होते, हात हलताना दिसत होते. मध्येच तो हसलासुद्धा. सुंगट समोर बसून खडकावरचं हिरवं पान दातांनी सोलून खात होती आणि ऐकत होती. मी पुढे गेले नाही. झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला जावं आणि त्यानेच ते जागं व्हावं, तसं काहीतरी होईल असं वाटलं.

घरी येऊन मामीला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली. "काय बोलत होते?" तिने विचारलं. ऐकू आलं नाही म्हटल्यावर म्हणाली, "बोलतत मा, बस झाला." मग थोड्या वेळाने, "आणि तां कुत्रां काय खाय होतां?"

"शेवाळ."

मामीचा हात थांबला. त्या दिवसापासून तिला एकच काळजी लागली. सुंगट म्हणजे नुसती कुत्री नव्हती, मामाचा आवाज होता. तिला काही झालं असतं तर मामा परत त्या पायरीवर येऊन बसला असता, आणि या वेळी त्याला कुणी उठवू शकलं नसतं. हे मामी बोलून दाखवायची नाही, पण मला कळत होतं, आणि मला माहीत आहे की मामालाही कळत होतं.

कुत्र्याने शेवाळ खाल्लं तर चालतं का, या प्रश्नावर आमच्या चाळीत जेवढी चर्चा झाली तेवढी निवडणुकीवर झाली नसेल. सुगंधा म्हणाली, कुत्रा गवत खातो पोट साफ करायला, तसंच हे समुद्राचं गवत. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा जयवंत म्हणाला, "त्यात आयोडीन असतं. माणसाला गलगंड होत नाही त्याने. पण जास्त झालं तर वाट लागेल, कुत्र्याची काय आणि माणसाची काय." कुणी म्हणालं मीठ वाईट, केस गळतील. भाऊ एकदा वाकट्या मासे घेऊन आला होता, त्याला मामीने विचारलं. तो म्हणाला, "आमचे बंदरावरचे कुत्रे खातान की. मेलेला नाय बगितला." सगळ्यांचं थोडं थोडं खरं होतं, हे मला नंतर कळलं.

मामा हे सगळं ऐकायचा आणि गप्प राहायचा. पण त्याने आपल्यापुरता निकाल लावला होता. तो कसा, ते मे महिन्यात दिसलं.

मे महिना म्हणजे आमच्याकडे बेगमीचा. पावसात मासे मिळत नाहीत, म्हणून कोकणातलं माणूस मुंबईत येऊन कितीही वर्षं झाली तरी मेमध्ये वाळवणं घालतंच. मामीने पत्र्यावर जवळा घातला, बोंबील घातले, सोलं घातली. आणि एक दिवस संध्याकाळी वाळवणं काढायला गेली तर बोंबलांच्या शेजारी एक जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर शेवाळ. होळीनंतर ऊन तापलं की वरच्या खडकांवरचं शेवाळ विरून जातं, मेमध्ये खालच्या खडकांवर उरलेलं तेवढंच. पावसात तर समुद्राजवळ जाताही येत नाही. मग सुंगटने काय खावं? मामाने तिची बेगमी केली होती. धुतलं नव्हतं मुद्दाम, कारण खारं टिकतं. आणि वाळवलेलं बाधत नाही, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ओल्या माशाचा भरवसा नाही, सुक्याचा आहे. उन्हाने वस्तू निवळते. मामा त्या लुगड्याशी बसून एकेक पान उलटत होता, पापड उलटावेत तसं, आणि त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मामी बोंबील गोळा करून खाली उतरली.

सुकून काळं, कागदासारखं कुरकुरीत झालेलं ते शेवाळ एका गोणीत भरलं. माळ्यावर मामीच्या डब्यांना जागा पुरत नव्हती, म्हणून गोणी खाटेखाली गेली.

पुढच्या रविवारी जोगेश्वरीला नात्यात लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या दिवसांत म्युनिसिपालिटीची कुत्रे पकडणारी गाडी फिरत होती, म्हणून मामाने सुंगटला घरातच ठेवलं. प्यायला बादली भरून ठेवली. दार लावताना खिडकीतून परत एकदा आत बघितलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते असं.

चार वाजता आम्ही परत आलो. दार उघडलं तर खोलीभर समुद्राचा वास. गोणी फाटून पसरलेली, निम्म्याहून जास्त रिकामी. बादलीत तळाला थोडं पाणी. सुंगट मोरीजवळ आडवी पडली होती. तिचं पोट ताणून टणक झालं होतं आणि ती ओकायचा प्रयत्न करत होती, पण काही पडत नव्हतं. मामाने तिला उचललं. लग्नाचा पांढरा सदरा, त्यावर लाळ आणि शेवाळाची काळी कुसळं. रिक्षात त्याने तिला मांडीवर घेतलं आणि तोंड घट्ट मिटून बसला. मामी त्याच्याकडे बघत होती, कुत्रीकडे नाही.

स्टेशनच्या रस्त्याला चंद्रप्रकाश तांबे म्हणून जनावरांचे डॉक्टर होते. तरुण, बीड की जालन्याकडचे, नुकताच दवाखाना टाकलेला. दवाखान्यामागेच राहायचे. जेवून झोपलेले उठून आले. त्यांनी सुंगटला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, हिरड्या बघितल्या.

"काय खाल्लं हिने?"

"शेवाळ खाल्लंय समुद्राचं," मी म्हणाले. "पण ती नेहमीच खाते."

"किनाऱ्यावरचं? ताजं?"

"हो, खडकावरचं," मामी म्हणाली. आम्हाला दोघींना खरंच वाटलं की आम्ही बरोबर सांगतोय; वाळवलेलं बाधत नाही, म्हणून ते वेगळं सांगायचं सुचलंच नाही.

डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला. "मग एवढं घाबरू नका. ताजं, पातळ पान थोडंफार खाल्लं तर कुत्र्याला काही होत नाही. मीठ मात्र पोटात जास्त गेलेलं दिसतंय. आपण हिला भरपूर पाणी पाजू, मीठ उतरेल." त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. तो पाण्याची नळी घेऊन आला आणि सुंगटचं तोंड उघडायला लागला.

"पाणी नको."

आवाज इतका खरखरीत होता की मला वाटलं दारातून दुसरंच कुणी बोललं. मामाने कंपाउंडरचा हात धरला होता.

"पाणी नको. सुकां हा तां."

डॉक्टर थांबले. "सुकं? किती सुकं?"

आणि मामा बोलायला लागला. गंज धरलेलं दार उघडतं तसा, अडखळत. पत्र्यावर घातलं, रोज उलटलं, चुरचुरीत होईपर्यंत. धुतलं नाय. गोणी इथपर्यंत होती, आता इथपर्यंत हा. त्याने स्वतःच्या मांडीवर हाताने खूण करून दाखवली. आम्ही बाराला निघालो. बादली काठोकाठ भरली होती. बोलता बोलता त्याने सदऱ्याला चिकटलेली चिमूटभर कुसळं काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी ती टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात टाकली. तेवढ्यात त्यांनी सुंगटला एक इंजेक्शन दिलं, हात धुतले, हत्यारं उकळायला सांगितली. परत वळून पेला बघितला तर चिमटीतलं ते काळं काहीतरी उमलून हिरवं झालं होतं आणि अर्धा पेला व्यापून बसलं होतं. एवढं सुंदर दिसत होतं ते. आणि तो पेला म्हणजे सुंगटचं पोट होतं.

"सुकलेलंच वाईट," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "ऊन खाऊन किनाऱ्यावर पडलेलं असतं ना, ते कधी खाऊ द्यायचं नाही. पोटात जाऊन फुगतं आणि वाट अडते. मी पाणी पाजलं असतं तर संपलीच होती. पोट उघडावं लागेल. तुम्ही हिचं डोकं धरा आणि बोलत राहा. झोप लागेपर्यंत ओळखीचा आवाज पाहिजे तिला."

मामाने एकदा मामीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग सुंगटच्या कानाशी वाकला.

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. स्पिरिटच्या वासात ओल्या शेवाळाचा वास मिसळला होता. मामा बोलत होता आणि आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. तो तिला देवगडच्या खाडीचं सांगत होता, पहाटे माडांमधून होड्या कशा जाताना दिसतात ते. साच्यांच्या ओळीत कोण कोण उभा असायचा ते सांगत होता, एकेकाचं नाव घेऊन. साचे बंद झाल्यावर कानात जी शांतता बसली ती रात्री झोपू देत नाही, म्हणाला. मग त्याचा आवाज आणखी खाली आला.

"भंगारवाल्याच्या ट्रकात माझो साचो बगलंय, सांगलंय मा तुका. दांड्याक माझीच तांबडी चिंधी बांदलेली होती. मी काय करतलंय? ट्रकाच्या मागसून चलत रवलंय, चलत रवलंय. ट्रक गेलो. तां मालनीक सांगू नको हां. तिका वाटता, गिरण सुरू जातली."

मामी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझा दंड पकडला होता, आणि तो नंतर चार दिवस दुखत होता. ती रडली नाही, पुढेही गेली नाही. गिरणी सुरू होणार नाही हे तिला केव्हाच माहीत होतं. मामाला वाटतंय ती सुरू होईल, म्हणून मामी त्या विषयावर गप्प होती. दोघं एकमेकांना जपत एका खोलीत दोन वर्षं मुक्याने राहिली, आणि यांना शहाणी माणसं म्हणायचं. मला इतका राग आला की डोळे भरून आले.

सुंगट झोपली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं. दिवे लागायच्या सुमाराला ते एक परात घेऊन बाहेर आले. परातीत हिरवा गच्च गोळा होता, त्यात नायलॉनच्या जाळ्याचे दोन तुकडेही. "जगेल," म्हणाले, आणि पायरीवर बसून त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला.

टाके सुकेपर्यंत सुंगट खाटेखाली पडून होती. मामा परत गप्प झाला होता, पण आताचं गप्प राहणं वेगळं होतं. त्याला ठाऊक होतं की आम्ही ऐकलंय. तो मामीच्या नजरेला नजर देत नव्हता. मामी नेहमीसारखी "आज भेंडी बरी गावली" म्हणायची आणि थांबायची.

टाके काढताना डॉक्टरांनी बजावलं. समुद्रावर न्यायला हरकत नाही. खडकावरचं ताजं हिरवं पान हवं तर द्या, गोड्या पाण्यात चांगलं धुऊन, अगदी तुकडाभर, तेही कधीमधी. पण वाळूवर पडलेल्या वाळक्या ढिगाला तोंड लावता कामा नये. "सारखं कुणीतरी तोंडावर लक्ष ठेवायला पाहिजे हिच्या," ते म्हणाले.

मामाने मान हलवली, पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की ते त्याच्याच्याने व्हायचं नाही. तो बोलायला लागला की पाण्याकडे बघतो.

"मी धरीन दोरी," मामी म्हणाली.

तो पाऊस घरातच गेला. गणपती गेले, नवरात्र गेलं, खडक परत हिरवे झाले. एका रविवारी तिघं निघाली, आणि मी आपली पाण्याची बाटली घेऊन मागे, पान धुवायला कुणीतरी हवं ना. ओहोटी होती. ऊन कोवळं होतं, आणि ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं, त्यामुळे आम्ही आभाळावरून चालल्यासारखे चाललो होतो. मामा त्याच्या खडकावर बसला. मामी थोडी अलीकडे, हातात दोरी. सुंगट मध्ये.

सुंगटने वाळूवरच्या काळ्या ढिगाकडे ओढ घेतली, मामीने दोरी खेचली. परत ओढ, परत खेच. मी खडकावरचं एक पान तोडून बाटलीतल्या पाण्याने धुतलं आणि तिला तुकडा दिला. ती चावत बसली.

"सुंगटा, आयक," मामा पाण्याकडे बघत म्हणाला. मामीची दोरी सैल पडली. तो भाऊच्या नव्या होडीचं सांगत होता, वाडीतल्या कोपऱ्यातल्या माडाचं सांगत होता, त्याला या वर्षी नारळांचा लोंगर कसा भरून आलाय ते. मामी वाळूकडे बघत ऐकत होती. तो सांगत गेला आणि पाणी हळूहळू आत यायला लागलं. सुंगटला पान संपवून झोप लागली होती, ती मुरडून पडली होती. मामाच्या ते लक्षात आलं असावं. तो थांबला. मला वाटलं, संपलं आजचं.

"गो मालन," तो म्हणाला, "आयकतंस मा?"

मामीने पटकन उत्तर दिलं नाही. उत्तराला जेवढी जागा लागते त्याहून थोडी जास्त घेतली.

"आयकतंय," ती म्हणाली. "सांगा तुमी."